घाण्याचं तेल: किलोचे लिटर करताना नेमकं कशाने भागायचं?

घाणा_पेंड (प्रश्न)

लाकडी घाणा आहे, शेंगदाणा तेल काढतो. आतापर्यंत विक्री किलोवरच होती. आता गिऱ्हाईक एक लिटरची बाटली आणि पाच लिटरचा कॅन मागतंय, म्हणून हिशेब पक्का करून घ्यायचा आहे.

१) एका दिवसाचं तेल साधारण ४० किलो. त्यात लिटरच्या बाटल्या किती भरतील?
२) कुणी ९१० ग्रॅमला लिटर म्हणतं, कुणी ९२०. आकारमान = वस्तुमान ÷ घनता हे सूत्र ठाऊक आहे, पण घनता कोणती घ्यायची?
३) मापाने भरावं की काट्यावर? मापाने भरलं की किलोशी मेळ बसत नाही. काट्यावर भरलं तर बाटलीतली पातळी सकाळी एक आणि दुपारी वेगळी दिसते.
४) १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा यातला फरक गिऱ्हाइकाला कसा समजवायचा?

काटा ३० किलोचा आहे, ५ ग्रॅमच्या पायरीचा. जाणकारांनी सांगावं.

---

दीड_शहाणा

एवढं कशाला? किलोला लिटर धरा आणि मोकळे व्हा. नव्वद ग्रॅमनं काय होतंय.

---

प्रयोगवही

@दीड_शहाणा, लिटरच्या भावात किलो दिलं तर प्रत्येक बाटलीमागे नव्वद ग्रॅम तेल फुकट जातं. किलोच्या भावात लिटर दिलं तर तेवढंच गिऱ्हाइकाचं बुडतं. ४० किलोवर हा फरक साडेतीन किलोच्या पुढे जातो. मुळात लिटरच्या बाटलीत किलो तेल ओतून पाहा, उरलेलं नरसाळ्यात राहील.

@घाणा_पेंड, आधी एकक सरळ करू, कारण निम्मा घोळ तिथेच असतो. घनता तीन तऱ्हेने लिहिलेली सापडते: ०.९१० ग्रॅम प्रति मिली, ०.९१० किलो प्रति लिटर, ९१० किलो प्रति घनमीटर. तिन्ही एकच. तुमचं वस्तुमान किलोत आहे आणि उत्तर लिटरमध्ये हवंय, म्हणून किलो प्रति लिटर घ्या, म्हणजे शून्यं मोजत बसावं लागणार नाही.

४० ÷ ०.९१० = ४३.९६ लिटर.

भागायचं की गुणायचं हे विसरलात तर एवढं बघा: तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे पाण्यापेक्षा हलकं. म्हणून लिटरचा आकडा नेहमी किलोच्या आकड्यापेक्षा मोठा यायला हवा. ४० किलोचे ३६.४ लिटर आले की समजायचं, भागण्याऐवजी गुणलंय. मध किंवा काकवी असेल तर उलट. मधाची घनता १.४ च्या आसपास असते, त्यामुळे किलोभर मध साधारण ७०० मिलीतच बसतो.

आता घनता कोणती? शेंगदाणा तेलाची २० अंशाला सुमारे ०.९१२ ते ०.९२० दिलेली असते. सूर्यफूल ०.९१८ ते ०.९२३, करडई ०.९२२ ते ०.९२७, तीळ ०.९१५ ते ०.९२४. हे सगळे आकडे २० अंशाचे. खोबरेलाचे मात्र ४० अंशाचे देतात (०.९०८ ते ०.९२१), कारण २० अंशाला ते थिजलेलं असतं. कोष्टकातले आकडे शेजारी शेजारी ठेवून "खोबरेल हलकं" असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात, तापमानाचा रकाना कुणी वाचत नाही.

आणखी एक बारकावा. कोष्टकात बहुतेक वेळा सापेक्ष घनता असते, म्हणजे २० अंशाच्या पाण्याच्या मानाने. २० अंशाला पाणी ०.९९८२ असतं, १ नव्हे. म्हणून सापेक्ष घनता ०.९१८ असेल तर खरी घनता ०.९१६. फरक लिटरला दोन ग्रॅमचा, पण दोन आकडे का जुळत नाहीत याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

---

काटा_आणि_माप

तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं मूळ एकच आहे: तापमान. तेल तापलं की फुगतं, वजन तेवढंच राहतं. खाद्यतेलाची घनता दर अंशाला साधारण ०.०००६८ ने उतरते, म्हणजे एका लिटरमागे अंशाला ०.६८ ग्रॅम. तुमच्या तेलाची घनता ३० अंशाला ०.९१० धरली तर:

१० अंशाला एक लिटर = ९२४ ग्रॅम
२० अंशाला = ९१७ ग्रॅम
३० अंशाला = ९१० ग्रॅम
४५ अंशाला = ९०० ग्रॅम

घाण्यातून नुकतं निघालेलं कोमट तेल ४५ अंशाला असताना तुम्ही लिटरच्या मापाने भरलंत, तर बाटलीत गेले ९०० ग्रॅम. तीच बाटली थंडीत २० अंशाला आली की तेल ९८२ मिली. माप अचूक, हात अचूक, तरी १८ मिली कमी. तेच काट्यावर ९१० ग्रॅम भरलं तर ते कायम ९१० ग्रॅमच राहतं. पातळी खालीवर होते ती तापमानामुळे. म्हणून भरायचं ते काट्यावरच, आकारमान कागदावर काढायचं. पातळी बघून भरू नका.

मापाचे बाकीचे दोष वेगळेच. प्रत्येक खेपेला मापाच्या आतल्या अंगाला तेलाची साय राहते. माप पटकन उलटून घेतलं तर तेवढं तेल बाटलीत जात नाही, आणि थंड तेल दाट असल्याने आणखी जास्त चिकटून राहतं. ताज्या तेलावर फेस असतो. फेसाच्या वरच्या रेषेला माप भरलं म्हटलं की हवा मोजली जाते.

काट्यावर भरताना काय बिघडतं: एक, सगळ्या बाटल्या सारख्या वजनाच्या धरून एकदाच टेअर करणं (रिकाम्या भांड्याचं वजन वजा करून काटा शून्यावर आणणं). बाटली ठेवा, टेअर दाबा, भरा, दर बाटलीला. पत्र्याचा डबा साधारण किलोभराचा असतो, पण दोन डब्यांत चांगलाच फरक निघू शकतो. झाकण टेअरच्या वेळी नसेल तर नंतरही काट्यावर ठेवू नका. दोन, पंख्याखाली काटा. तीन, ५ ग्रॅमची पायरी. डब्याला ती चालेल. लिटरच्या बाटलीला १ ग्रॅमचा काटा घ्या, आणि पाव लिटरची बाटली काढणार असाल तर त्याशिवाय भागणारच नाही.

आता स्वतःच्या तेलाची घनता मोजायची रीत. प्रयोगशाळेत २५ किंवा ५० मिलीची घनता बाटली वापरतात, पण घाण्यावर हे पुरेसं आहे:

सपाट काठाची काचेची बाटली घ्या, पाऊण लिटरच्या आसपासची. स्वच्छ, कोरडी. रिकामी वजन करा, समजा ३१२ ग्रॅम. पाणी काठोकाठ भरा आणि सपाट काच काठावरून सरकवत बसवा, म्हणजे वर फुगलेलं पाणी निघून जाईल आणि बुडबुडा राहणार नाही. काच काढा, बाहेरून पुसा, वजन करा: १,०६८. पाणी ७५६ ग्रॅम. पाणी ३० अंशाचं असेल तर त्याची घनता ०.९९५७, म्हणून बाटलीचं खरं आकारमान ७५६ ÷ ०.९९५७ = ७५९.३ मिली. बाटलीवर काय छापलंय त्याकडे बघू नका. छापलेला आकडा काठापर्यंतचा नसतो.

आता बाटली पूर्ण वाळवा आणि तेल भरा. कडेने हळू सोडा, मग अर्धा तास ठेवा म्हणजे हवा वर येईल. थर्मामीटर बुडवून तापमान बघा, मग पुन्हा काठोकाठ करून काच सरकवा. वजन समजा १,००३. तेल ६९१ ग्रॅम. ६९१ ÷ ७५९.३ = ०.९१०.

१ ग्रॅमच्या काट्यावर यात दोन-तीन हजारांशाची चूक राहते, म्हणजे लिटरला दोन-तीन ग्रॅम. बाटल्या भरायला चालेल. बाटली हातात धरून ठेवू नका, हाताच्या उबेने तेल काठावरून ओघळतं आणि वाटतं की आपणच जास्त भरलं. तीन वेळा मोजा. तिन्ही आकडे तीन ग्रॅमच्या आत नसतील तर बुडबुडा किंवा पुसण्यात गडबड आहे.

दुधाचं लॅक्टोमीटर तेलात टाकून बघू नका. ते पाण्याहून जड पातळ पदार्थासाठी असतं, तेलात तळाशी जाऊन बसतं. हायड्रोमीटर (पातळ पदार्थात तरंगवून घनता वाचायची काचेची नळी) घ्यायचाच तर ०.९०० ते ०.९५० पट्ट्याचा घ्या.

---

घाणा_पेंड

सविस्तर सांगितल्याबद्दल आभार. याच रीतीने मोजलं. तीन वेळा ०.९१६, ०.९१७, ०.९१७ आलं. तेल ३४ अंशाला होतं, कालच काढलेलं. म्हणजे ९१० पेक्षा जड, आणि तापमान तर जास्त. गणित उलटं का जातंय?

---

काटा_आणि_माप

गणित बरोबर आहे, तेल निवळलेलं नाही. ३४ अंशाला स्वच्छ शेंगदाणा तेल ०.९०७ च्या आसपास यायला हवं. ०.९१७ म्हणजे आत दाण्याचा बारीक गाळ तरंगतोय. गाळाची घनता १.३५ धरा. १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅम गाळ आणि ९७ ग्रॅम तेल असेल तर:

तेल ९७ ÷ ०.९०७ = १०६.९५ मिली
गाळ ३ ÷ १.३५ = २.२२ मिली
एकूण १०९.१७ मिली, घनता १०० ÷ १०९.१७ = ०.९१६

तुमच्या आकड्याशी बसतं. तीन टक्के गाळ असावा.

लक्षात घ्या, वजनं मिळवली की बेरीज सरळ होते, आकारमानंही मिळवता येतात, पण घनतांची सरासरी तशीच काढता येत नाही. ९७ टक्के गुणिले ०.९०७ अधिक ३ टक्के गुणिले १.३५ केलं तर ०.९२० येतं, ते चूक. आधी प्रत्येकाचं आकारमान काढा, मग भागा. तीळ-शेंगदाणा मिश्रणातही हीच रीत वापरा. तिथे घनता जवळजवळ असल्याने चूक दिसत नाही एवढंच.

बाटली नीट वाळली नव्हती का, अशी शंका येईल. पण ५ ग्रॅम पाणी राहिलं तरी ते साडेचार ग्रॅम तेलाची जागा घेतं, फरक अर्ध्या ग्रॅमचा. एवढी मोठी चूक त्याने होत नाही.

म्हणजे तुमच्या ४० किलोत १.२ किलो गाळ आहे. स्वच्छ तेल ३८.८ किलो, आणि गाळ खाली बसताना स्वतःसोबत थोडं तेल धरून बसतो, ते वेगळं. "किलोशी मेळ बसत नाही" याचं हे दुसरं कारण. तेल दोन-तीन दिवस निवळू द्या किंवा फिल्टर प्रेसमधून काढा, मग मोजा. गढूळ तेलाच्या घनतेवरून बाटल्यांचा हिशेब करू नका. आठवड्याने बाटलीच्या बुडाशी थर बसतो आणि गिऱ्हाईक बाटली परत आणून दाखवतं.

---

प्रयोगवही

दुरुस्ती नाही, पुरवणी. वजन हवेत करतो, त्यामुळे एक लिटर तेल काट्यावर सुमारे एक ग्रॅम हलकं दिसतं, कारण तेवढी हवा ते बाजूला सारतं. बाटल्या भरताना विसरून जा. कुणी चौथ्या दशांशावर वाद घातला तर एवढं माहीत असावं.

---

शिक्का_आणि_वजन

लेबलचा भाग राहिला, आणि तो महत्त्वाचा आहे.

पूर्वी तेलाच्या पाकिटांवर "१ लिटर, अमुक अंशाला" असं छापलेलं असायचं. कुणी ६० अंशसुद्धा छापायचं, कारण तापमान जितकं जास्त तितके लिटरमागे ग्रॅम कमी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं की लेबलवर तापमानाचा उल्लेख काढा, आणि लिटरसोबत वजनही बरोबर छापा. मुदत १५ जानेवारी २०२३ पर्यंत दिली. त्यातलं उदाहरण सोयाबीन तेलाचं होतं: एक लिटर २१ अंशाला ९१९.१ ग्रॅम, ६० अंशाला ८९२.६. वर सांगितलेला अंशाला ०.६८ ग्रॅम याच आकड्यांतूनही निघतो: २६.५ भागिले ३९.

आता तुमच्यापुरतं. तापमान लिहिता येत नाही म्हणजे बाटली हिवाळ्यातही लिटर भरायला हवी. ३० अंशाच्या हिशेबाने ९१० ग्रॅम भरलं तर २० अंशाला ते ९९३ मिली होतं. एका बाटलीला मर्यादेत चालून जाईल (एक लिटरला १५ मिलीची मुभा आहे), पण तपासणीत अनेक बाटल्यांची सरासरी छापील आकड्यापेक्षा कमी चालत नाही. सगळ्याच बाटल्या सात मिलीने कमी असतील तर सरासरीवर अडकाल.

म्हणून माझं मत: शेंगदाण्याला ९२० ग्रॅम भरा. २० अंशाला ते १,००३ मिली होतं, १० अंशाला ९९६. लिटरमागे दहा ग्रॅम जादा जातात. तेल ३०० रुपये किलो धरलं तर तीन रुपये. तीन रुपये भावात धरा आणि निर्धास्त राहा. पाच लिटरच्या कॅनला ४.६०० किलो.

४० किलो स्वच्छ तेल ÷ ०.९२० = ४३.४८, म्हणजे ४३ बाटल्या आणि ४४० ग्रॅम शिल्लक. वरच्या गाळाच्या हिशेबाने ३८.८ ÷ ०.९२० = ४२ बाटल्या.

काट्याचं दरवर्षी पडताळणी आणि मुद्रांकन होतं. शिक्क्याची तारीख बघून घ्या. आणि रोज काम सुरू करताना एक किलोचं शिक्क्याचं वजन ठेवून बघा.

बाटलीत जागा सोडा. १५ लिटरचा डबा २० अंशाला काठोकाठ भरला आणि तो विदर्भातल्या उन्हात ४० अंशाला गेला, तर तेल सव्वादोनशे मिलीने वाढतं. पत्रा फुगतो, झाकणातून पाझरतं आणि लोक म्हणतात डबा गळका आहे.

---

पेठेतला_डबा

चौथ्या प्रश्नाचं उत्तर दुकानातल्या पाटीएवढं सोपं आहे. शेंगदाणा ०.९१ धरा:

१५ किलोचा डबा = १६.४८ लिटर
१५ लिटरचा डबा = १३.६५ किलो

दोन डब्यांत १ किलो ३५० ग्रॅमचा फरक. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात, त्यामुळे छापील आकड्यापुढे "कि." आहे की "लि." एवढंच बघायचं.

गिऱ्हाइकाला भाव किलोवर आणून दाखवा. समजा १५ किलोचा डबा २,७०० रुपये, १५ लिटरचा २,५२०. दुसरा १८० रुपयांनी स्वस्त दिसतो. पहिल्याचा किलोचा भाव २,७०० ÷ १५ = १८०. दुसऱ्याचा २,५२० ÷ १३.६५ = १८४.६०. स्वस्त दिसतो तोच महाग. लिटरच्या भावाला ०.९१ ने भागलं की किलोचा भाव येतो, किलोच्या भावाला ०.९१ ने गुणलं की लिटरचा. इथे लोक हटकून उलटं करतात, कारण तेल मोजताना जिथे भागतो तिथे भाव काढताना गुणावं लागतं. लिटरचा भाव किलोच्या भावापेक्षा नेहमी कमी, एवढी खूण पुरे.

तुपालाही हेच. लिटरच्या तुपाच्या डब्यावर वजन ९०५ ग्रॅम छापलेलं दिसेल. किलोचं तूप समजून घेतलं तर ९५ ग्रॅम कमी घरी येतं.

---

घाणा_पेंड

तेल निवळायला ठेवलंय. शेवटचं एक: टाकीत किती तेल आहे हे रोज वजन न करता कळेल का? स्टीलची उभी गोल टाकी आहे, आतला व्यास ६० सेंमी.

---

काटा_आणि_माप

कळेल. तळाचं क्षेत्रफळ ३.१४१६ × ३० × ३० = २,८२७ चौ. सेंमी. म्हणजे उंचीच्या एका सेंटिमीटरला २.८२७ लिटर. ३० अंशाला त्याचे २.५७ किलो. स्टीलची पट्टी सरळ उभी बुडवा, ओल्या खुणेपर्यंत वाचा. ४३ सेंमी असेल तर १२१.६ लिटर, म्हणजे ११०.६ किलो. तेच तेल ४५ अंशाला असेल तर ०.९०० ने गुणा, १०९.४ किलो. सव्वा किलोची तफावत निव्वळ तापमानाची, म्हणून पट्टीसोबत थर्मामीटरही लागतो.

तळ निमुळता असेल तर हे सूत्र तळाला लागू पडत नाही. रिकाम्या टाकीत वजन केलेलं पाणी निमुळता भाग संपेपर्यंत ओता. ते पाणी ०.९९६ ने भागून लिटर काढा, तेवढे लिटर कायमचे लिहून ठेवा आणि सेंटिमीटर त्याच्या वरून मोजा. नंतर टाकी पूर्ण कोरडी करूनच तेल सोडा, थोडं जरी पाणी राहिलं तरी तेल खवट व्हायला वेळ लागत नाही. तळाशी गाळ साचलेला असेल तर पट्टी गाळावर टेकते आणि उंची कमी वाचली जाते. तेव्हा वरच्या काठापासून तेलापर्यंतची रिकामी जागा मोजा आणि टाकीच्या उंचीतून वजा करा. त्यातून येतं ते तेल आणि गाळ मिळून, म्हणून गाळाचा थर खालच्या तोटीने आधी काढून घेतलेला बरा.